नानांची जीप आणि नानींचा पाट

अहो, ऐकलंत का? जरा अशा इकडे या, गडग्यापाशी. मोठ्याने बोलायची सोय नाही, नाना खळ्यातच आहेत. जीपखाली! हो, अजून. गाडी सुरू झाली तरी माणूस खालून निघायला तयार नाही. काल तुळशीपाशी दिवा लावायला गेले तर गडग्यापलीकडे नुसत्या दोन टाचा दिसल्या. म्हटलं, "नाना, दिवेलागण झाली हो." तर खालून आवाज, "आलाच आहात तर तो दिवा जरा इकडे धरा." घ्या!

म्हणजे? सुरू झाल्याचं तुम्हाला ठाऊकच नाही? अगोबाई, शनिवारी तुम्ही चिपळूणला लेकीकडे होतात नाही का. तरीच. नाहीतर तो धूर तुम्हाला चुकला नसता. माझ्या दोन पांढऱ्या चादरी अशा… असो. चादरींचं मागाहून सांगते.

तर पहिल्यापासून ऐका. गणपती गेले आणि नानांनी जीपवरची ताडपत्री काढली. तीच हो, महिंद्राची कमांडर, १९९६ ची. पावसकडच्या कातळावरच्या बागेत जायला घेतलेली. फवारणीचा पंप, पाण्याची पिंपं, हंगामात आंब्याच्या पेट्या, मागे गडीमाणसं, सगळं वाहिलंन हो तिने. शिवाय नानींची बहीण. वजनाबद्दल मी काही बोलत नाही, तुम्ही बघितलंयत. पण चार महिने गाडी एका जागी उभी. आपल्याकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस, माणूस बुरसतो, तिथे जीपचं काय! नानांनी चावी फिरवली, नुसतं 'टक'. परत फिरवली, परत 'टक'. आमचे हे पडवीतून म्हणाले, "नाना, आधी नाडी बघा." नानांचा चेहरा असा पडला, बाई, की मीच ह्यांना आत पिटाळलं.

मग गॅरेजवाला आला. कुठला ते नको, उगाच कशाला नाव. त्याने बॉनेट उघडलंन, चाकाला लाथ घातलीन, आणि म्हणाला, "बावीस हजार." बॅटरी नवी, चारी चाकांचे ब्रेक, आणि पंप उतरवून पाठवायला लागेल. नाना म्हणाले, "पंप बिघडलाय हे कशावरून?" तो म्हणतो, "अंदाज आहे, नाना." आता मला सांगा, ज्या माणसाने जन्मभर शाळेत गणित शिकवलं, रीत लिहिली नाही तर बरोबर उत्तराचे मार्क कापले, त्याला अंदाज सांगायचा? नानांनी त्याला चहा पाजून परत पाठवला. चहात साखर कमी होती म्हणे. नानींनी मुद्दाम…

नानींचं म्हणणं वेगळंच होतं. २०२२ च्या एप्रिलात जुन्या मोटारींच्या पुन्हा नोंदणीची फी सहाशेची एकदम पाच हजार झाली, तेव्हाच त्या म्हणाल्या होत्या, द्या आता भंगारात. पंधरा वर्षं झाली की ते पासिंग, मग दर पाच वर्षांनी परत, वर पर्यावरण कर. पण नाना ऐकतात होय! त्यांच्या डोक्यात ते देवराष्ट्राचे दत्तात्रय लोहार बसलेले. आठवतात ना? सांगली जिल्ह्यातले, भंगारातून पोरासाठी छोटी जीप केलीनी, मोटरसायकलसारखी किक मारून सुरू होणारी. २०२१ च्या डिसेंबरात त्याचा व्हिडिओ घराघरात फिरला, आणि पुढच्या महिन्यात आनंद महिंद्रांनी त्या जीपच्या बदल्यात त्यांना नवी बोलेरो दिली. नाना म्हणाले, "त्यांनी अख्खी जीप केली, मला नुसती दुरुस्तच करायची आहे." नानी पोळी लाटता लाटता म्हणाल्या, "मग तुमची झाली की कळवा महिंद्रांना, बदल्यात बोलेरो मागा." आळीतल्या अक्का होत्या तिथेच, त्यांनीच मला सांगितलं. अक्का हसल्या, तर नाना जेवायचेच उठले.

दुसऱ्या दिवशी नाना रामआळीतून पान्यांचा सेट घेऊन आले. चकचकीत हो, दागिन्यांसारखा. आणि पहिल्याच नटाला एकही पाना बसेना! बारा-तेराचा सैल, दहा-अकराचा जाईना. अक्कांचा नातू, तो आयटीआयला डिझेल मेकॅनिक करतोय ना, तो म्हणाला, "आजोबा, जुन्या जीपला काही नट इंचाचे असतात नि काही मिलिमीटरचे." झालं! नानांचं पुराण सुरू. ही जीप मुळात अमेरिकेची विलीज, स्वातंत्र्य मिळालं त्या सुमाराला महिंद्रांनी सुटे भाग आणून ती इथे जोडायला घेतली, म्हणून हाडं तिकडची, इंचातली, नि इंजिन मागाहून आलेलं, ते मिलिमीटरचं. तासभर. पोराचा क्लास बुडाला. म्हणजे सून कशी, माहेरचं एक माप नि सासरचं दुसरं… पण ते जाऊ दे.

समोरच्या भाऊंना हे बघवलं नाही. ते सुमोवाले ना. ते म्हणाले, "आमच्या सुमोला एकच माप." अहो, तुम्हाला ठाऊक होतं का, सुमो म्हणजे तो जपानी पैलवान नाही म्हणून? मी इतकी वर्षं तेच धरून चालले होते. नाना म्हणाले, सुमो म्हणजे सुमंत मुळगावकर. टाटांच्या मोटार कंपनीतले मोठे साहेब. १९९४ ला गाडी काढली तेव्हा त्यांच्या नावातली दोन-दोन अक्षरं घेतली, सुमंतचं 'सु' आणि मुळगावकरांचं 'मु', इंग्रजीत एस यू एम ओ. ह्यावर भाऊ गप्पच. स्वतःच्या गाडीचं नाव त्यांना ठाऊक नव्हतं हो! भाऊवहिनींनी माझ्याकडे बघितलं, मी माडाकडे बघितलं.

तर काय सांगत होते… हां, बॅटरी. तिच्या टोकांवर हिरवट-पांढरी भुकटी जमलेली. नानांनी आधी काळी वायर सोडवलीनी, मग तांबडी. जोडताना उलट, आधी तांबडी. हे मात्र त्यांनी सगळ्या आळीला पाठ करून घेतलं, माझ्यासकट. मग गरम पाण्यात सोडा कालवून ओतला. असं फसफसलं म्हणता! एका मिनिटात टोकं लख्ख. पण सोडा कुठला? नानींच्या डब्यातला. आणि त्याच संध्याकाळी नानींकडे भिशी. बटाटेवडे होते, आठवतंय का? तरीच म्हटलं, वडे असे दडस का लागतायत. नानींनी कुणाला काही सांगितलं नाही हो, नुसतं म्हणाल्या, "आज पीठ जरा नवीन गिरणीतलं आहे." एवढं करून बॅटरी गेलेलीच होती, नवी घ्यावीच लागली, पण वायरी तरी स्वच्छ झाल्या.

आता पाटाचं. हे ऐकून तुम्हाला वाईट वाटेल. चाक काढायचं तर जॅक लावायला पाहिजे. परतीचा पाऊस दोन दिवस लागलेला, खळ्यात तांबडा चिखल. नानांनी जॅक ठेवलानी, चार वेळा दांडा फिरवलानी, गाडी वर जायच्या ऐवजी जॅकच खाली! मऊ जमिनीत जॅकखाली रुंद फळी लागते. नाना म्हणाले, "आणतो." कुठून? देवघरातून. नानींच्या लग्नातला फणसाचा पाट! मधुपर्काला जावई ज्यावर बसला तो. नानी तेव्हा मारुती मंदिराला भाजी घ्यायला गेलेल्या. पाट घातला, गाडी उचलली गेली, नाना खुश. आणि नानी फाटकात आल्या, तो त्याच क्षणी… कडाड!

दोन तुकडे. अगदी मधोमध.

कोणी काही बोललं नाही. कावळासुद्धा. नानींनी पिशवी खाली ठेवली, पाटाकडे बघितलं, मग नानांकडे, आणि एवढंच म्हणाल्या, "तुम्ही खाली नव्हतात ना?" बाई गं, माझ्या पोटात कालवलं. कारण नाना पाचच मिनिटं आधी खाली डोकं घालून बघत होते! तेव्हापासून कायदा झालाय. नुसत्या जॅकवर गाडी असताना खाली जायचं नाही, दोन्ही बाजूंना जाड लाकडी ओंडके लावल्याशिवाय नाही. भाऊ म्हणाले, ओंडके कशाला, चिरे आहेत की पडलेले. तर अक्कांचा नातू म्हणाला, "चिरा नको. जांभा पोकळ असतो, घर पेलतो तो रचलेला म्हणून. एका कोपऱ्यावर वजन आलं की फुटतो." बघा, मुलगा शिकतोय म्हणायचं. आणि बरं का, खंडेनवमीला पान्यांची पूजा झाली ती जुन्या पेपरवर मांडून. दुसरा पाट होता घरात. नानींनी दिलाच नाही.

आता खरी मजा. पण आधी सांगा, त्या बुधवारी सकाळी तुम्हाला काही ऐकू आलं का? काहीतरी "दाब… दाब… धर… धरून ठेव… अगं सोडू नको, सोडू नको म्हणतो ना!" आलं ना? मग तुम्हाला काय वाटलं? मला काय वाटलं ते मी नाही सांगणार. कोपऱ्यावरच्या काकू तर तांब्याभर पाणी घेऊन धावत आल्या, म्हणे नानींना चक्कर आली वाटतं, कोणी पाय दाबतंय.

ब्रेक होते हो, ब्रेक! ब्रेकच्या नळ्यांत हवा शिरली की पेडल नुसतं मऊ, जमिनीपर्यंत जातं. ती हवा काढायला दोन माणसं लागतात. एकाने आत बसून पेडल दाबायचं, दुसऱ्याने चाकामागचा निपल उघडायचा. दाबून धरलेलं असतानाच उघडायचा, बंद केल्यावरच पाय सोडायचा. मध्येच सोडला की हवा परत आत. आणि सुरुवात सगळ्यात लांबच्या चाकापासून, म्हणजे मागच्या डाव्या, मग मागचं उजवं, मग पुढचं डावं, ड्रायव्हरजवळचं शेवटी. नाना चाकाशी आडवे, नानी स्टिअरिंगवर. निपलला पारदर्शक नळी, नळीचं दुसरं टोक बरणीत. बरणी कुठली ते विचारू नका, मुरांब्याचा वास आला मला. आतलं ऑइल चहासारखं काळं. ब्रेक ऑइल हवेतला दमटपणा ओढून घेतं म्हणे, आपल्या हवेत तर दर दोन वर्षांनी बदललंच पाहिजे. नानांनी शेवटचं कधी बदललं होतं? वहीत बघितलं. वहीतसुद्धा सापडेना!

तर पहिल्या चाकाला दोघांचं जमेना. नाना म्हणत "दाब", तेव्हा नानी सोडायच्या. नाना चिडले. नानी म्हणाल्या, "मला पाढे म्हटल्यासारखं सांगू नका, बुडबुडे संपले की नुसतं बास म्हणा." आणि मग त्यांनी स्वतःच लय धरली. एक, दोन, तीन, धरलंय. एक, दोन, तीन, धरलंय. जात्यावर बसल्यासारखी. अर्ध्या तासात चारी चाकं. पेडल असं दगडासारखं टणक! मधे फक्त टाकीतलं ऑइल कमी होऊ द्यायचं नाही, नाहीतर सगळं मुसळ केरात. ते अक्कांचा नातू बघत होता. मडगार्डवर दोन थेंब सांडले, ते पुसायचे राहिले, तर तिथल्या रंगाला फोड आलेत. जाताना बघा, पण बघितल्यासारखं करू नका.

मी ह्यांना म्हटलं, आपल्या गाडीचं पण करू या का दोघं. तर म्हणाले, "ब्रेकचं काम ज्याला येतं त्याच्या देखतच करावं." एरवी नारळ सोलायला गडी शोधणारा माणूस, पण ह्या बाबतीत बोलला ते खरं. नानांनीसुद्धा झाल्यावर एका जुन्या जाणत्या फिटरला बोलावून चारी चाकं दाखवलीनी. ते त्यांच्या वहीत आहे, पण तोंडी सांगत नाहीत.

तो फिटर काय म्हणाला माहीत आहे? गाडीखाली बॅटरी मारलीन आणि म्हणाला, "चासी कोणी सांभाळली?" नाना पुढे झाले. तर नानी मागून म्हणाल्या, "मी." आणि खरंच हो! भाट्याला, गणपतीपुळ्याला, कुठेही समुद्रावर जाऊन आलं की ह्या बाईने झाडांचं पाणी त्या नळीने आधी गाडीच्या पोटावर मारायचं, मग जास्वंदीवर. इतकी वर्षं. आम्ही हसायचो. तो म्हणाला, कोकणात इंजिनं टिकतात, पत्रा जातो. खारी हवा नि तांबडा चिखल कोपऱ्यात बसला की आतून सडवतो. लोक चासीला जळकं ऑइल फासतात ते एक वेळ चालेल, पण रबरी बुशांना लागू द्यायचं नाही, फुगतात. भाऊ तिथेच उभे होते. त्यांच्या सुमोचं तर… तुम्हाला म्हणून सांगते. गेल्या शिमग्याला भाऊवहिनी मागच्या सीटवर चढल्या आणि पाय सरळ खाली, रस्त्यावर! मॅट होती म्हणून भोक दिसत नव्हतं इतकंच. चप्पल राहिली नाचण्याच्या चढावर. इंजिन मात्र घड्याळासारखं.

कुठे होते मी? हां, पंप. ज्याचा 'अंदाज' होता तो. नव्या बॅटरीने सेल्फ तर फिरायला लागला, पण इंजिन धरेना. नातू म्हणाला, एअर घेतलाय. म्हणजे डिझेलच्या पाइपात हवा. फिल्टरवरचा स्क्रू ढिला करायचा, नि बाजूचा छोटा हातपंप चेपत राहायचा. आधी फेस येतो, मग बुडबुडे, मग सलग डिझेल, की लगेच स्क्रू आवळायचा. केलं. सुरू झाली, दोन मिनिटांत बंद. परत केलं, परत बंद. नाना रडकुंडीला. नानी फिल्टरकडे बघत होत्या, म्हणाल्या, "हे इथे ओलं का आहे?" बोटाने पुसलं, परत ओलं. तांब्याचा वॉशर चेपलेला! डिझेल तिथून बाहेर आणि हवा तिथूनच आत. कुकरची रिंग गेली की शिट्टी होत नाही, हे बायकांना सांगायला लागत नाही, खरं की नाही? वॉशर आला वीस रुपयांचा. आणि 'मायको'चा पंप बिचारा ठणठणीत. उतरवायला दिला असता तर किती हजार… जाऊ दे.

ह्या जुन्या गाड्यांचं हे एक बरं. सगळं डोळ्यांना दिसतं, बोटाला लागतं. नानांच्या लेकाची पुण्याची नवी गाडी, बॉनेट उघडलं तर नुसतं प्लास्टिकचं झाकण, आणि आत काय बिघडलंय ते कॉम्प्युटर लावल्याशिवाय कळत नाही. तो लेक फोनवर म्हणाला, "बाबा, रिस्क कशाला घेता?" नाना म्हणाले, "तुझ्या आईला विचार."

मग शनिवार उजाडला. साडेसहा वाजता नानांनी चावी फिरवली आणि… धडधडधड! असा काळा लोट, आणि माझ्या चादरी दोरीवर. मी ओरडणार होते, पण नानांचं तोंड बघितलं आणि गप्प बसले. पोराचा निकाल लागल्यासारखं. भाऊ आले, अक्का आल्या, ह्यांनी टाळ्या वाजवल्या. नाना म्हणाले, "आता बंद करतो." चावी फिरवली. गाडी चालूच!

जुनं डिझेल ते, चावीने बंद होत नाही, डॅशखालचं बटण ओढायचं असतं, त्याने पंपाचं डिझेल तुटतं. नानांनी ओढलं, तर बटण वायरीसकट हातात! साफसफाईला सोडवलेली ती वायर परत जोडायचीच राहिली होती. नाना ते बटण हातात धरून उभे, नारळ फोडायला निघालेल्या यजमानासारखे. भाऊंच्या ओठांच्या कोपऱ्यात हसू आलं, मी बघितलं. नातू बॉनेटकडे धावला. एवढ्यात नानींनी पदर खोचला, चढल्या आत, तिसऱ्या गिअरात घातलीनी, ब्रेक गच्च दाबला नि क्लच सोडला. गाडीने एक आचका दिला, घर्र… आणि बंद.

"बागेतल्या चढावर तुमच्या हातून दर खेपेला अशीच बंद पडायची," नानी उतरत म्हणाल्या, "शेजारी बसून शिकले."

भाऊंचं हसू तिथल्या तिथे मावळलं. आणि नानांचा चेहरा? पडला नाही हो. उलट ते नातवाला म्हणाले, "बघितलंस? ब्रेक पकडतात."

वहीतला हिशोबही मी बघितलाय, अक्कांनी दाखवला. बॅटरी, ब्रेक ऑइल, फिल्टर, वॉशर, फिटरची मजुरी धरून नऊ हजार चारशे. खाली एक ओळ, 'पाट, नग १', आणि पुढे रकाना कोरा.

हो, आणि तुमच्या जावयांना सांगा. त्यांच्या गाडीचं नाही का झालं, एकवीस सालच्या बावीस जुलैच्या पुरात, वाशिष्ठीचं पाणी ओसरलं आणि त्यांनी दुसऱ्या दिवशी चावी फिरवली? नाना तेव्हापासून हळहळतात. पाण्यात बुडालेली गाडी सुरू करायचीच नसते म्हणे. इंजिनात शिरलेलं पाणी दाबलं जात नाही, मग दांडेच वाकतात. आधी बॅटरी सोडवायची, ऑइल काढून बघायचं, आणि ओढूनच न्यायची. पुढच्या वेळी… नको, पुढची वेळच नको, पण सांगून ठेवा.

बरं, मी तुम्हाला हाक मारली ती वेगळ्याच कामासाठी. तुमच्या माळ्यावर ती जुनी फणसाची जाड फळी आहे ना, झोपाळ्याची? सुतार माझ्याकडे गुरुवारी येतोय. नानींसाठी पाट करून घ्यायचाय, नानांनीच पैसे दिलेत, गुपचूप. एवढी फळी द्या. आणि नानींकडे ब्र काढू नका हं, निदान गुरुवारपर्यंत तरी.